बंदरावरच्या माणसाचे यकृत

कोकणातल्या स्थानिक दैनिकांच्या आतल्या पानांवर अधूनमधून एक चार ओळींची बातमी येते. एसटी स्थानकाच्या आवारात, रेल्वे फलाटाच्या टोकाला किंवा बंदरावर शाकारलेल्या होडीच्या आडोशाला एका अनोळखी पुरुषाचा मृतदेह आढळला, वय अंदाजे पंचेचाळीस ते पन्नास, पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. शेवटी बहुधा असे एक वाक्य असते की मृत व्यक्तीला दारूचे व्यसन होते. ते वाचले की वाचणाऱ्याला मृत्यूचे कारण कळल्यासारखे वाटते आणि तो पान उलटतो. मी कोकणातल्या एका जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांमध्ये अठ्ठावीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले. अशा माणसांचे रक्त माझ्या हाताखालून गेलेले आहे, म्हणून ते शेवटचे वाक्य मला पुरेसे वाटत नाही. घर नसलेली ही माणसे अनेकदा यकृताच्या आजाराने जातात, आणि तो आजार मृत्यूच्या कितीतरी वर्षे आधी ओळखता येण्यासारखा असतो. ओळखण्याची बहुतेक साधने आज तालुक्यापर्यंत पोहोचलेली आहेत. तरीही तो ओळखला जात नाही, याचे कारण आपण उपचाराच्या दारावर न लिहिलेल्या दोन अटी लावून ठेवल्या आहेत. येणाऱ्याला पत्ता असला पाहिजे आणि त्याने आधी दारू सोडलेली असली पाहिजे. या दोन्ही अटी वैद्यकीयदृष्ट्या निराधार आहेत आणि त्या काढून टाकल्या पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे.

एक घटना सांगते, कारण तिच्यात माझाही वाटा आहे. मासेमारी नौकेवर खलाशी म्हणून काम करणारा एक अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस पायाच्या चिघळलेल्या जखमेसाठी आमच्याकडे दाखल झाला होता. केसपेपर काढताना कारकुनाने पत्ता विचारला, तेव्हा तो म्हणाला, "बंदर लिवा." केसपेपरवर तेवढेच लिहिले गेले. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत त्याच्या आजोबांचे घर होते आणि घरपत्रकावर इतर हिस्सेदारांबरोबर त्याचेही नाव होते, हे त्याने मला नंतर रक्त काढताना सांगितले. पण त्या घराला कुलूप होते आणि किल्ली चुलतभावाकडे मुंबईला होती. त्याच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एसजीओटी ९६ आणि एसजीपीटी ४९, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ९० हजार. अहवालावर सही माझी होती. जखम नऊ दिवसांत भरत आली, त्याला दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी सोडले, म्हणजे बंदरावर सोडले. दोन वर्षांनी सप्टेंबरमध्ये त्याला पुन्हा आणले तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते, पोट पाण्याने तट्ट फुगलेले होते आणि तोंडावाटे रक्त पडत होते. त्याला कोल्हापूरला हलवायचे ठरले, पण रुग्णवाहिका आवाराबाहेर पडण्याच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी जुनी नोंदवही काढून कागदावर एक साधे गणित मांडले. रुग्णाचे वय आणि एसजीओटी यांचा गुणाकार करायचा, प्लेटलेटचा हजारातला आकडा आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांचा दुसरा गुणाकार करायचा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. याला फिब-४ म्हणतात. ४८ गुणिले ९६ म्हणजे ४,६०८, ९० गुणिले ७ म्हणजे ६३०, भागाकार ७.३. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर यकृतात गंभीर व्रण, म्हणजे इजा भरून राहिलेले कडक डाग, असण्याची शक्यता कमी असते आणि ३.२५ च्या वर असेल तर ती बरीच असते. याचा आकडा त्याच्या दुपटीहून अधिक होता. त्यासाठी लागणारे तीनही आकडे दोन वर्षांपूर्वी छापील अहवालात होते, वय केसपेपरवर होते, आणि ते चार आकडे एकत्र पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. डॉक्टर जखमेकडे पाहत होते आणि मी पुढच्या नमुन्याकडे वळले होते.

त्या दोन वर्षांत काय करता आले असते, याचा विचार केल्याशिवाय हा विषय समजत नाही. यकृताच्या आत वेदना कळवणाऱ्या नसा नसतात. बाहेरच्या आवरणाला ताण बसला तरच दुखते. बराच भाग व्रणांनी कडक झाला तरी उरलेला भाग काम ओढून नेतो, आणि माणूस जाळी ओढत राहतो, ओझी उचलत राहतो. या काळात आजार कळला असता तर काविळीच्या ब आणि क (हिपॅटायटिस बी आणि सी) विषाणूंची चाचणी झाली असती. दुर्बिणीने अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहून रक्तस्रावाचा धोका कमी करणारी प्रोप्रानोलोल किंवा कार्व्हेडिलोलची गोळी सुरू करता आली असती, आणि ही औषधे महाग नाहीत. आम्ही त्याला दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या तर दिल्याच गेल्या नसत्या, कारण सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झाल्यावर, त्या मूत्रपिंडाच्या बिघाडाला आणि पोटातल्या रक्तस्रावाला निमंत्रण देतात. आणि त्याला कोणीतरी समोर बसवून सांगितले असते की व्रण पडलेल्या अवस्थेतही दारू थांबली तर आयुष्य वाढते. त्याने ऐकले असते की नाही हा पुढचा प्रश्न आहे. त्याला कोणी सांगितलेच नाही, एवढे मी खात्रीने म्हणू शकते.

कोकणात बेघर कोण, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, आणि त्यामागे असा समज असतो की बेघर माणसे मुंबईच्या पुलांखाली असतात, आपल्याकडे सर्वांची घरे आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख लोक बेघर म्हणून मोजले गेले. जनगणनेच्या व्याख्येत रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, देवळाच्या ओसरीवर, रेल्वे फलाटावर राहणारे येतात. कोकणातली बेघर माणसे मात्र काहीशी झाकलेली असतात. नौकेवरच झोपणारा आणि पावसाळी मासेमारीबंदी आली की बंदरावर उतरणारा खलाशी, आंब्याच्या बागेत मोसमभर खोपीत राहून राखण करणारा आणि मोसम संपल्यावर स्थानकावर दिसणारा राखणदार, चिरेखाणीवर ताडपत्रीखाली राहणारे कुटुंब, कोळशाच्या भट्टीमागे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाणारे कातकरी, मुंबईतली नोकरी आणि खोली दोन्ही गमावून गावी परतलेला आणि हिस्सेदारांच्या भांडणात ओटीवरूनही उठवला गेलेला चाकरमानी, नवऱ्याने टाकलेली आणि माहेरी थारा न मिळालेली बाई. यांतल्या काहींच्या नावावर कागदोपत्री घराचा सोळावा हिस्सा असतो. एका रात्रीत होणाऱ्या मोजणीत ही माणसे सापडणे कठीण असते, आणि सापडली नाहीत की योजना आखणाऱ्यापुढे ती नसतातच.

त्यांना निवारा मिळण्याच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमचा निवारा असावा, असे सांगितले आणि नंतरच्या शहरी बेघर निवारा योजनेने लोकसंख्येचाच आधार घेतला. मोठ्या शहरांसाठी तो उपयोगी ठरला. पण २०११ मध्ये रत्नागिरी शहराचीच लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. चिपळूण, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले ही तर त्याहून लहान. लाखाचा हिशोब लावला की किनाऱ्यावरच्या आमच्या बहुतेक नगरपरिषदा त्यातून निसटतात. तिथे एखादा आश्रम हेच काय ते छप्पर उरते. कुडाळजवळच्या पणदूरचा संविता आश्रम अशा निराधारांना सांभाळतो, तिकडे कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांना घरी पोहोचवते आणि त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. या कामांचा मला मनापासून आदर आहे. पण आजार लवकर ओळखणे हे सरकारी आरोग्य यंत्रणेचे काम आहे आणि ते सेवाभावी संस्थांच्या खांद्यावर टाकून मोकळे होता येणार नाही.

आता दारूविषयी. कोकणात हातभट्टी आहे, काजूच्या बोंडांची दारू आहे, गोव्याच्या हद्दीवरून येणारी स्वस्त बाटली आहे, आणि उघड्यावर झोपणारा माणूस ती पितो हे मी नाकारत नाही. रात्रभर भिजलेल्या कपड्यांत, डासांत, भीतीत झोप यावी म्हणून तो पितो. मासळी उतरवण्याआधी पहाटे अंगात ऊब यावी म्हणून पितो. पण ज्याला ज्याला आपण 'दारूने लिव्हर गेली' म्हणतो त्याची विषाणूची चाचणी झालेली असते का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये हिपॅटायटिस ब असलेले सुमारे २.९८ कोटी आणि हिपॅटायटिस क असलेले सुमारे ५५ लाख लोक होते. ब विषाणू पुष्कळांना जन्मताच आईकडून येतो. एकाच वस्तऱ्याने किंवा ब्लेडने होणारी दाढी, जत्रेतले गोंदण, न उकळलेल्या सुईचे इंजेक्शन, एकमेकांचे रक्त लागण्यासारख्या जखमा, हे सारे बंदरावरच्या आणि खाणीवरच्या आयुष्यात नेहमीचे आहे. विषाणू आणि दारू एका शरीरात असतील तर व्रण कितीतरी वेगाने वाढतात. दारूचा वास आला की आपण चाचणी करायचे थांबतो, आणि त्यामुळे जो भाग औषधाने बरा होण्यासारखा होता तोही हातचा जातो.

क विषाणूचे तर आज निखळ बरे होणारे दुखणे झाले आहे, आणि ही गोष्ट आमच्या भागात अजून पुरेशी पोहोचलेली नाही. १९८९ मध्ये सापडलेल्या या विषाणूवर पूर्वी वर्षभर इंजेक्शने घ्यावी लागत आणि तरी यशाची खात्री नसे. आता सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या गोळ्या रोज एकदा, बारा आठवडे घेतल्या की शंभरातले पंच्याण्णवांच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. सिरोसिस असेल तर गोळ्यांची जोडी बदलते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधे आणि त्यासाठीच्या चाचण्या मोफत आहेत. ब विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही, पण टेनोफोव्हिरची रोजची गोळी त्याला दाबून ठेवते, आणि ज्याला तो झालेला नाही त्याला लसीने वाचवता येते. ही सारी व्यवस्था जिल्हा रुग्णालयात आहे. बंदर आणि जिल्हा रुग्णालय यांच्यातले अंतर मात्र कोणी मोजलेले नाही.

दारू आधी सोड आणि मग ये, असे सांगणारे डॉक्टर वाईट नसतात. आपले औषध वाया जाईल अशी त्यांना भीती असते. पण हा सल्ला दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. एक तर दारू पिणे हे क विषाणूचे उपचार नाकारण्याचे कारण धरू नये, असे आजचे वैद्यकीय मार्गदर्शन स्पष्टपणे सांगते. दुसरे म्हणजे वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एका दिवसात दारू तोडली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो; ती देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन सोडवावी लागते. बंदरावर एकट्या माणसाला 'सोडून ये' असे सांगणे म्हणजे त्याला हे सारे होडीखाली भोगायला सांगणे आहे. शिवाय आमच्याकडे घराघरांत चालणारा एक प्रकार आहे. दारू सोडवण्याची गोळी गुपचूप आमटीत मिसळून द्यायची. ती गोळी बहुधा डायसल्फिराम असते. यकृत आधीच खराब असलेल्याला ती स्वतःच धोकादायक आहे, आणि वर दारू प्यायली तर होणारी प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. सिरोसिसच्या रुग्णाला त्यातल्या त्यात निर्धोक असे बॅक्लोफेनसारखे पर्याय आहेत, पण ते कोणाला द्यायचे हे यकृत तपासल्याशिवाय कसे ठरणार? म्हणून तपासणी आधी आणि दारूची बोलणी नंतर, असा क्रम हवा.

याच्या जोडीला आमच्या भागातली कावीळ उतरवण्याची पद्धत आहे. हातावर चुना लावून धुतला की पाणी पिवळे होते, गळ्यात घातलेली मुळ्यांची माळ दिवसागणिक लांबत पोटावर येते, कोणी नाकात कडू दोडक्याचा रस टाकतो, कोणी मनगटावर डाग देतो. लोक त्याकडे वळतात याचे कारण सरळ आहे. दूषित पाण्यातून होणारी अ आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. माळ घालणाऱ्यांविषयी माझा राग नाही. ते निदान माणसाला हात लावतात, त्याच्याशी बोलतात, आणि पत्ता विचारत नाहीत. पण सिरोसिसमुळे पिवळा पडलेला माणूस पथ्याच्या नावाखाली महिनाभर मीठ-भात आणि उसाच्या रसावर राहिला तर त्याचे स्नायू झडतात, आणि त्याला सर्वाधिक गरज असते ती पुरेशा अन्नाची, प्रथिनांची, रात्री झोपण्यापूर्वी पोटात काहीतरी जाण्याची. उघड्यावर राहणाऱ्याला ती मिळणे आधीच दुरापास्त असते.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. यकृत निकामी होऊ लागले की रक्तातला अमोनिया वाढतो आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागा राहतो, बोलताना अडखळतो, पुढे धरलेले हात पंख फडफडावेत तसे हलतात, पावले वाकडी पडतात. रस्त्यावर अशा माणसाला पाहून प्रत्येकजण समजतो की याने घेतलेली आहे, आणि त्याला ओलांडून जातो. काही वेळा त्याला वेडा समजून पोलिसांच्या ताब्यात दिले जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचा रस्ता धरण्यापूर्वी त्याचे यकृत आणि साखर तपासली गेली पाहिजे, कारण लॅक्टुलोजच्या औषधाने जो माणूस दोन दिवसांत शुद्धीवर येऊन आपले नाव सांगू शकतो त्याला वेडा ठरवणे ही मोठी चूक आहे.

आता पत्त्याची अट. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंतच्या सेवा मोफत झाल्या, हा निर्णय खरोखर मोठा आहे. पण पुढच्या उपचारांसाठी महात्मा फुले योजनेचा लाभ घ्यायचा म्हटले की शिधापत्रिका आणि ओळखपत्र लागते, आणि ज्याची पिशवी पावसात भिजून गेली किंवा स्थानकावर चोरीला गेली त्याच्याकडे ती नसतात. कागद नसेल तर तो अधिकाऱ्यांसमोर जायलाच घाबरतो. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे, त्याखाली पकडून नेल्याच्या कहाण्या फलाटावर सर्वांना ठाऊक असतात, आणि गणवेश किंवा वही घेऊन आलेला कोणीही त्यांना त्याच गाडीचा माणूस वाटतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरता या कायद्यातील मोठा भाग घटनाबाह्य ठरवला. आपल्याकडे त्याचा फेरविचार व्हायला हवा. तोवर आरोग्य पथकाने पोलिसांशिवाय जाणे आणि नाव न सांगणाऱ्याचीही तपासणी करणे, एवढे तरी करता येते.

पत्त्याशिवाय उपचार पुरे कसे होणार, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. त्याचे उत्तर आपल्याच क्षयरोग कार्यक्रमात आहे. क्षयाची औषधे सहा महिने घ्यावी लागतात आणि ती आपण शेतमजुरांपासून फिरस्त्यांपर्यंत अनेकांना दिली, कारण औषध देणारा माणूस रुग्णाच्या जवळचा निवडला गेला. एका बंदरावरचा चहाच्या टपरीवाला मला आठवतो. तो तीन रुग्णांच्या गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत असे, कारण त्यांच्याकडे ठेवल्या तर भिजत. सकाळच्या चहाबरोबर गोळी हातावर ठेवायची, समोर गिळायला लावायची आणि डब्याच्या झाकणावर खडूने रेघ मारायची. एक माणूस दोन दिवस दिसला नाही तेव्हा त्याने स्वतः तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, फोन करून विचारले होते. त्या रुग्णांच्या कार्डावर पत्त्याच्या जागी टपरीचे नाव लिहिले होते आणि कार्यक्रमाला ते चालले. क्षयासाठी जे चालते ते बारा आठवड्यांच्या, दिवसातून एकदा घ्यायच्या गोळ्यांसाठी का चालू नये?

यंत्रांचेही तसेच आहे. क्षयाच्या तपासणीसाठी तालुक्यांत पोहोचलेले ट्रूनॅट यंत्र आपल्या शेजारी गोव्यातच तयार होते, बॅटरीवर चालते, आणि चिप बदलली की ब आणि क विषाणूंची तपासणीही त्यावर होते. बोटाच्या टोकाच्या थेंबावर होणारी प्राथमिक चाचणी पंधरा-वीस मिनिटांत निकाल देते. क्षयाच्या रुग्णांची यकृत तपासणी तर अशीही व्हायलाच हवी, कारण आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही त्यांची औषधे यकृतालाच त्रास देतात. यकृताचा कडकपणा बाहेरून लहरी सोडून मोजणारे फायब्रोस्कॅन यंत्रही आता उचलून नेता येते. जिल्ह्याला एक असले तरी आठवड्यातून एक दिवस ते वेगवेगळ्या बंदरांवर जाऊ शकते. लंडनमध्ये क्षयासाठी क्ष-किरण यंत्र बसवलेली गाडी २००५ पासून बेघरांच्या निवाऱ्यांपाशी जाते आणि पुढे तिनेच काविळीच्या चाचण्याही सुरू केल्या. इतके लांब जायचे नसेल तर पंजाबकडे पाहावे. तिथे २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना चंदीगडच्या तज्ज्ञांनी शिकवले आणि त्या डॉक्टरांनी क विषाणूचे हजारो रुग्ण मोठ्या शहरात न पाठवता बरे केले. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शिकवणारी माणसे जवळ आली आहेत. कोल्हापूरला किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात पाठवणे हेच उत्तर आता राहिलेले नाही.

खर्चाचा आक्षेप मला फारसा पटत नाही. औषधे आणि चाचण्या कार्यक्रमात मोफत आहेत, फिब-४ चे गणित फुकट आहे, आणि रक्ताच्या उलट्या होत असलेल्या एका माणसाला रुग्णवाहिकेने घाट चढवून नेण्यात जो पैसा जातो त्यात अनेकांच्या प्राथमिक चाचण्या होतील. प्रयोगशाळेतल्या संगणकावर अहवाल छापताना हा आकडा आपोआप यावा आणि ३.२५ च्या वर असेल तर लाल शाईत यावा, एवढी सोय करायला कोणती मोठी मंजुरी लागते? रुग्ण कोणत्याही कारणाने आलेला असो, जखमेसाठी, तापासाठी, अपघातानंतर, हा आकडा काढला जावा. पस्तिशीच्या आतल्या आणि पासष्टीपुढच्या माणसात तो तितका विश्वासार्ह नसतो, हे डॉक्टरांना ठाऊक असतेच.

मात्र एक खबरदारी कोकणात विशेष घ्यावी लागेल. पावसाळ्यात आमच्याकडे लेप्टोस्पायरोसिस असतो, डेंग्यू असतो, मलेरिया असतो, आणि या तापांत प्लेटलेट उतरतात, एसजीओटी चढते, कधी कावीळही होते. त्या दिवसांत काढलेला फिब-४ चा आकडा निरोगी यकृतालाही खराब ठरवील आणि तापाचे खरे निदान झाकून टाकील. म्हणून बंदरावरची तपासणी पाऊस सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे. यामुळे माझ्या मनात जे वेळापत्रक तयार झाले आहे ते किनाऱ्याच्या वर्षाशीही जुळते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका ओढून शाकारल्या जातात, घर असलेले खलाशी आपापल्या मुलखात जातात, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिरकरवाड्याला, हर्णैला, साखरी नाट्याला जे बंदरावर उरतात ते बहुतांशी खरोखरच जायला जागा नसलेले असतात. मोजणी करायची तर हीच वेळ, आणि उपचार चालू ठेवायचे तरी हीच, कारण एरवी समुद्रावर असणारा माणूस हे दोन महिने एका जागी सापडतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात बोटाच्या थेंबावरची चाचणी आणि रक्ताचे नमुने घ्यावेत, ज्यांना ब विषाणू नाही त्यांना लसीचा पहिला डोस त्याच बैठकीत द्यावा. फिरत्या माणसाला एरवीचे सहा महिन्यांचे वेळापत्रक झेपत नाही, त्याच्यासाठी पहिला डोस आणि त्यानंतर सात व एकवीस दिवसांनी पुढचे डोस असे वेळापत्रक आहे, आणि एक डोस पुढच्या वर्षी त्याच सुमाराला येतो. क विषाणू सापडलेल्यांचे औषध, ब ची चाचणी पाहून, मेच्या मध्यावर सुरू झाले तर ८४ दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपतात. नौका त्याच सुमारास पाण्यात जातात. तेव्हा शेवटच्या आठवड्याच्या गोळ्या टपरीच्या डब्यातून काढून जलरोधक पिशवीत तांडेलाकडे द्याव्यात. ज्यांचा सिरोसिस पुढे गेलेला आहे, त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयात पोटातले पाणी काढण्याची ठरलेली खाट असावी, आणि त्यांच्या यकृताची सोनोग्राफी कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी व्हावी. विषाणू खरोखर गेला की नाही, हे औषध संपल्यानंतर बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. ती तारीख ऑक्टोबरच्या अखेरीस येते. त्या वेळी मासेमारी जोरात असते आणि खलाशी कोणत्या बंदरात उतरेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून मूळ बंदराची चिठ्ठी न मागता जिथे तो मासळी उतरवील तिथल्या आरोग्य केंद्रात त्याचे रक्त घेतले जाईल, अशी सूचना सप्टेंबरमध्येच किनाऱ्यावरच्या सर्व केंद्रांना लेखी गेली पाहिजे.